नको असलेली समुद्रफुलं: नाशिकच्या टँकमधल्या चार महिन्यांच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

रात्री माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसले आणि मोजले. एप्टेशिया, म्हणजे दगडाला चिकटून वाढणारी नको असलेली छोटी समुद्रफुलं (फुलं नव्हेत, प्राणीच), ४१. दिवाळीत तीन होते. आजपासून लिहून ठेवायचं.

टँक हॉलमध्ये आहे, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाली सम्प, म्हणजे पाणी गाळण्याची वेगळी टाकी. दगड आणि वाळूची जागा सोडली तर सगळं मिळून पाणी दीडशे लिटरच्या आसपास. दोन क्लाउनफिश, सिक्स लाइन रॅस नावाचा एक छोटा मासा, झोआ नावाच्या मऊ प्रवाळांच्या तीन वसाहती, मशरूम प्रवाळ आणि एक लेदर कोरल. दगडी प्रवाळ नाहीत. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आले, त्यामुळे माझा टँक मऊ प्रवाळांचाच आहे आणि तसाच राहणार.

पहिला एप्टेशिया झोआंच्या दगडावरून आला. अर्धपारदर्शक तपकिरी देठ, वर लांब निमुळत्या हातांचं वर्तुळ, मधोमध तोंड. तेव्हा मला तो आवडला होता. पाण्याच्या झोताबरोबर डुलायचा. आता त्याच दगडावर पाच आहेत, आणि त्यांच्या बाजूच्या झोआ तीन आठवडे उघडलेल्या नाहीत. हातांमधल्या दंशपेशींनी ते शेजाऱ्याला मागे रेटतात आणि मोकळी झालेली जागा घेतात.

ओळखीत चूक होऊ नये म्हणून पुन्हा तपासलं. पिसांसारखे पंखे काढणारे नळीतले किडे लांबून असेच दिसतात, पण ते स्वतःच्या नळीत मागे जातात आणि ती नळी दिसत राहते. मजानो (दुसरं एक उपद्रवी समुद्रफूल) आखूड असतो, त्याच्या हातांची टोकं फुगीर असतात. माझ्याकडचे सगळे एप्टेशियाच.

६ जानेवारी

डिसेंबरमध्ये मी काय केलं तेही इथे यायला हवं. काचेजवळच्या दगडावर एक मोठा होता. चिमट्याने धरून ओढला, उरलेला भाग ब्लेडने खरवडला. दगड स्वच्छ दिसला. पंधरा दिवसांनी त्याच जागेभोवती मोहरीएवढे सात.

काल रात्री दिंडोरीच्या मामाशी फोनवर बोलताना हे सांगितलं. त्याची द्राक्षबाग आहे. तो लगेच म्हणाला, "अगं, लव्हाळा कधी उपटून गेलाय का? वरचा कोंब हातात येतो, गाठ खाली राहते. आणि त्यात कुळव फिरवलास तर गाठी रानभर होतात."

एप्टेशियाचंही असंच. त्याचा तळवा दगडाला चिकटलेला असतो. तो जागा बदलतो तेव्हा किंवा कोणी फाडतो तेव्हा तळव्याच्या कडेचे बारीक तुकडे मागे राहतात, आणि प्रत्येक तुकड्यातून तोंड, हात सगळं असलेला नवा प्राणी तयार होतो. नर-मादीची गरज नाही. प्रवाळ आणि त्यांच्या आतलं शैवाल यांचं सहजीवन अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळा याच गुणामुळे एप्टेशिया मुद्दाम वाढवतात. त्याच्याही पेशींमध्ये तसंच शैवाल असतं, म्हणजे दिव्याच्या उजेडावर अर्धं पोट भरतं आणि बाकीचं मी माशांना टाकते त्यातून.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ओढायचं नाही, खरवडायचं नाही, कापायचं नाही.

९ जानेवारी

काय काय करता येईल ते लिहून काढलं.

दगड बाहेर काढून उकळणं पहिल्यांदा बाद केलं, आणि हे कोणीही करू नये असं मला कळकळीने सांगायचं आहे. झोआंच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. असा दगड उकळला तर ते वाफेबरोबर हवेत येतं, आणि त्याने घरातली माणसं इस्पितळात पोहोचल्याच्या घटना झालेल्या आहेत. आमच्या घरात ऐंशी पार केलेली आजी आहे. दगड उन्हात वाळवला तर एप्टेशिया मरतील, पण माशांची घाण पचवून नायट्रोजनचं चक्र चालवणारे जिवाणूही मरतील आणि टँक पहिल्या दिवसावर येईल.

कॉपरबँड बटरफ्लायफिश एप्टेशिया खातो. पण दीडशे लिटर त्याला फार कमी, आणि तो खाण्याच्या बाबतीत इतका हट्टी की कित्येक जण घरी आणल्यावर उपाशी मरतात. माझ्या एका अडचणीसाठी त्याचा जीव घालवायचा नाही. बर्गिया ही समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही. औषध म्हणून ती अगदी नेमकी, पण माझा रॅस तिला पहिल्याच दिवशी टिपेल.

उरलं ते पेपरमिंट कोळंबी आणि चुना. मोठ्यांना चुना, बारक्यांना कोळंबी, असं ठरवलं. एकदम सगळ्यांच्या मागे लागायचं नाही. झोआंना खेटून बसलेले आधी.

१२ जानेवारी

चुन्याचा पहिला दिवस.

आजीने आपलं चुनाळं पुढे केलं. "यातला घे की, घरचाच आहे." तिला समजावलं की पानाच्या चुन्यात आणखी काय काय मिसळलेलं असेल ते आपल्याला माहीत नाही, आणि टँकमधले प्रवाळ तांब्याच्या अंशालाही दगावतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळवायला त्रास पडला नाही. चुनाळ्यातला काय किंवा बाटलीतला काय, मूळ पदार्थ एकच. परदेशातले लोक टँकला कॅल्शियम देण्यासाठी जे काल्कवासर वापरतात ती आपली चुन्याची निवळीच. तिचा पीएच बाराच्या वर असतो, आणि तेच इथे उपयोगी पडतं. एप्टेशियाने ते गिळलं की आतून भाजून निघतो.

दोन ग्रॅम पावडर, आरओ-डीआयचं (क्षार काढून टाकलेलं) थोडं पाणी, घट्ट दह्याइतकी दाट. इन्सुलिनच्या सुईतून हे उतरत नाही. जाड, बोथट टोकाची सुई लावली. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं, यात हयगय नको.

वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर पाठवणारा) बंद. पाणी पूर्ण थांबू दिलं. आधी प्रत्येकाच्या तोंडापाशी बारीक झिंग्याचा थोडा रस सोडला. पहिल्या दोघांना हे न करता सुई टोचायला गेले तर दोघेही छिद्रात दडले आणि चुना दगडावर सांडला. खायला मिळालं की तोंड उघडतं, हात आत वळतात. त्या क्षणी सुई तोंडावर टेकवायची आणि अर्धा मिलिलिटर सावकाश सोडायचा. घाई केली की त्याला धक्का बसतो आणि तो आक्रसतो. बरोबर लागला की दिसतं, देठ आतून पांढरा होतो. दोघांनी अंगातून पांढरे दोरे बाहेर फेकले. त्यातही दंशपेशी असतात, म्हणून झोआंवर पडलेले दोरे ड्रॉपरने ओढून घेतले.

आठ झाले आणि थांबले. पंप वीस मिनिटांनी चालू. पीएच ८.१ वरून ८.३, क्षारता ८.१ वरून ८.९ डीकेएच. दीडशे लिटरमध्ये एका बैठकीला दोन ग्रॅमच्या पुढे जायचं नाही, हे या आकड्यांवरून पक्कं केलं.

१४ जानेवारी

संक्रांत. पाहुण्यांच्या मुलांनी माशांना अर्धी डबी खाणं घातलं. जेवढं निघालं तेवढं जाळीने काढलं.

१९ जानेवारी

मोजणी ३९. आठांपैकी सहा नीट गेले, त्यांच्या जागी दगडावर पांढरा डाग आहे. पण पहिले दोन, ज्यांना चुना अर्धवट लागला, त्यांच्याभोवती पिल्लं दिसताहेत. जखमी होऊन सुटलेला एप्टेशिया न छेडलेल्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी तोंड उघडलं नाही तर त्याला त्या दिवशी सोडून द्यायचं.

२६ जानेवारी

सुट्टी होती म्हणून एक गोष्ट निवांत करता आली. लॅबमध्ये रक्तपेशी मोजताना काचेवर आखलेल्या चौकटी वापरतात, तसं टँकच्या पुढच्या काचेवर पुसता येणाऱ्या पेनने सहा चौकटी आखल्या. वर १, २, ३ आणि खाली ४, ५, ६. मग चौकटीनुसार मोजलं.

१ मध्ये ३, २ मध्ये ४, ३ मध्ये २. ४ मध्ये ११, ५ मध्ये १७, ६ मध्ये ५. एकूण ४२.

तीन आठवडे मी एकच आकडा मोजत होते आणि तो कुठे वाढतोय ते पाहत नव्हते. चौकट ५ म्हणजे मी खाणं टाकते त्याच्या बरोबर खालची जागा. दोन दगडांमध्ये तिथे खोबण आहे, वेव्हमेकरचा झोत वरून निघून जातो. ड्रॉपरने फुंकर मारून पाहिलं तर तपकिरी गाळाचा ढगच उठला. मीच त्यांना रोज वाढत होते.

आजपासून बदल असे. गोठवलेले मायसिस (माशांना घालायचे बारीक झिंगे) आधी वितळवायचे, गाळणीत आरओच्या पाण्याने धुवायचे, मगच टाकायचे. प्रमाण निम्मं. दिवसातून दोनदाऐवजी एकदा, आणि पाच मिनिटांत मासे संपवतील तेवढंच. वेव्हमेकर डाव्या काचेवरून काढून मागच्या कोपऱ्यात, झोत खोबणीतून जाईल असा. आठवड्याला वीस लिटर पाणी बदलण्याआधी सगळ्या फटी ड्रॉपरने फुंकायच्या. नायट्रेट (उरलेलं खाणं आणि घाण कुजून पाण्यात साठतं ते) आज ३०.

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ठिबकची नळी फुटली की तिथेच गवत माजतं."

२ फेब्रुवारी

पहाटे फार गार. हीटर रात्रभर चालू, टँक २४.८. मोजणी ४४, वाढलेलीच. पण ५ मध्ये एकही नवीन नाही.

८ फेब्रुवारी

सकाळच्या पंचवटीने मुंबई, संध्याकाळच्या पंचवटीने परत. कोळंबी आणायला.

खरी पेपरमिंट कोळंबी अर्धपारदर्शक असते, अंगावर लांबीच्या दिशेने बारीक लाल रेघा असतात, पाठ सरळ उतरती असते. कॅमल कोळंबी तिच्यासारखीच दिसते, पण तिच्या पाठीला कुबड असतं, लाल पट्ट्यांमध्ये पांढऱ्या रेघा असतात, आणि चोच वर वळलेली, हलणारी असते. ती झोआ आणि मशरूम खाते. दुकानात दोन्ही एकाच नावाने एकाच टाकीत होत्या. मी बोट दाखवून चार निवडल्या. निळ्या दिव्याखाली रंग कळत नव्हते, तरी निवडल्या.

थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन आले. कसाऱ्याच्या पुढे घाटात गारवा वाढला तसा डबा शालीत गुंडाळला. घरी पोचल्यावर पिशवीतलं पाणी तपासलं, खारटपणा १.०२२. माझा १.०२५. कोळंबीला असा फरक एकदम सोसत नाही. नळीला गाठ मारून थेंब थेंब पाणी सोडत दोन तास लावले.

साध्या पांढऱ्या टॉर्चमध्ये पाहिलं तेव्हा चौथीला कुबड. चोचही हलत होती. तिला टँकमध्ये सोडणं शक्य नव्हतं, फेकून देणंही. सम्पमध्ये ठेवली. बाकीच्या तीन दगडामागे गेल्या.

१६ फेब्रुवारी

आठवडाभर एकही कोळंबी दिसलेली नाही. आजीने सकाळी घाबरून हाक मारली, वाळूवर एक मेलेली पडली होती. हातात घेतली तर पोकळ. कात टाकली होती. म्हणजे जिवंत आहे आणि वाढते आहे. मोजणी ४२.

२ मार्च

मोजणी ३१! आणि कमी झाले ते सगळे बारके. ४ मध्ये ११ होते, आता ४.

रात्री दोनला गजर लावून उठले. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावला होता, त्या उजेडाने कोळंबी फारशी बिचकत नाही. चौकट ४ मध्ये एक दगडावर बसलेली, नखाएवढ्या एप्टेशियाचे हात पुढच्या पायांनी एकेक करून खुडत होती. तो आक्रसला तरी तिने सोडलं नाही. छिद्रात चिमटे घालून आतला मांसल भाग ओढून काढला आणि खाल्ला. माझ्या चिमट्याने जे झालं ते तिच्याने का होत नाही, याचं उत्तर समोर होतं. ती तुकडा मागे ठेवत नाही.

मोठ्यांकडे मात्र तिघींपैकी एकीनेही पाहिलेलं नाही. बोटाच्या पेराहून मोठ्या एप्टेशियाच्या दंशाला त्या बिचकतात असं दिसतं.

९ मार्च

चुन्याची दुसरी फेरी, फक्त मोठे सहा. सहाही लागले. एकाने तोंड उघडलं नाही म्हणून त्याला सोडलं होतं, अर्ध्या तासाने पुन्हा रस दिला तेव्हा उघडलं. माशांना रात्रीचं काहीही नाही. कोळंबीचं पोट भरलेलं असेल तर ती एप्टेशियाकडे कशाला जाईल?

१६ मार्च

१७. नायट्रेट १२.

१९ मार्च

रंगपंचमी. दुपारी तीन तास वीज नव्हती. एअर पंप बॅटरीवर होता म्हणून निभावलं. संध्याकाळी टँक २८.४, मग पाण्यावर पंखा लावला. मुंबईच्या मित्रांना पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, हवाच दमट. इथे या दिवसांत हवा कोरडी असते, वाफ भराभर होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मात्र दिवसाला तीन लिटर पाणी उडतं, आणि मीठ मागे राहतं. भर घालायची ती साध्या आरओ पाण्याचीच.

३० मार्च

पाडवा. मोजणी ९. झोआंच्या पहिल्या दगडावरची वसाहत आज पूर्ण उघडली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा तिचा नारिंगी रंग हॉलच्या दारातून दिसला. आजी गुढीला नैवेद्य दाखवून आली आणि खुर्ची ओढून टँकसमोर बसली.

एक काळजी. काल रात्री एक कोळंबी झोआंवर बसून काहीतरी टोचत होती. कोळंबी म्हणजे पिकावर सोडलेले मित्रकीटकच, म्हणून मामाने सुरुवातीलाच विचारलं होतं: "कीड संपल्यावर ते काय खातील? पिकावर आले तर?" प्रश्न अगदी खरा आहे. आजपासून दिवे बंद झाल्यावर तिघींना मायसिसचा एकेक तुकडा लांब चिमट्याने, प्रत्येकीला वेगळा.

२० एप्रिल

मोजणी १२. वाढली.

पहिला विचार आला की कोळंबीला खाणं दिलं म्हणून. पण नवीन तिन्ही बारके चौकट ३ मध्ये, जिथे कधीच गर्दी नव्हती. चौकट ३ च्या वर काय आहे? सम्पमधून येणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड.

सम्पचं कपाट उघडून टॉर्च मारला. काचेच्या आडपडद्यांवर, पाइपच्या कोपरावर, स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) खालच्या बाजूला २३ एप्टेशिया. अंधारात असल्यामुळे फिकट, जवळजवळ पांढरे, पण धडधाकट. शैवाल नसलं तरी वरून ओघळणारं खाणं त्यांना पुरत होतं. कॅमल कोळंबी त्यांच्या मधोमध बसलेली, तिने एकालाही तोंड लावलेलं नव्हतं. चार महिने मी वरचं शेत निंदत होते आणि पाटातून बी येत होतं.

२७ एप्रिल

रविवार सगळा सम्पमध्ये गेला. रिटर्न बंद, वरचा टँक वेव्हमेकर आणि एअर पंपावर. सम्पमधलं पाणी बादल्यांत, जिवाणूंना राहायला ठेवलेल्या सिरॅमिक रिंगा आधी एकेक करून टॉर्चखाली तपासल्या आणि त्याच पाण्यात ठेवल्या. तीन रिंगांवर एप्टेशिया होते, त्या तिन्ही टाकून दिल्या. खरवडून वाचवायचा मोह टाळला.

इथे झोआ नाहीत, नुसती काच आणि पीव्हीसी आहे. त्यामुळे जे वर करता येत नव्हतं ते इथे करता आलं. सम्प बाहेर काढून गच्चीवर नेला, काचेला तडा जाऊ नये म्हणून आधी कोमट आणि मग कढत पाणी ओतलं, पांढरं व्हिनेगर लावून तासभर ठेवलं, घासलं, तीन वेळा धुतला. पाइप, पंप, स्किमर व्हिनेगरच्या पाण्यात. घासताना तुकडे उडालेच असतील, पण गोड्या कढत पाण्यात ते जगत नाहीत. रिटर्नच्या वाटेवर बारीक स्पंज बसवला, दर तीन दिवसांनी धुवायचा.

कॅमल कोळंबी कॉलेज रोडच्या मैत्रिणीकडे गेली. तिच्याकडे फक्त मासे आहेत, प्रवाळ नाहीत.

४ मे

वर ५, सम्पमध्ये ०. चौकटी १, ३, ४, ६ रिकाम्या. ५ मध्ये दोन बारके, ते कोळंबीसाठी सोडले. २ मध्ये तीन, त्यांतल्या दोघांना आज चुना दिला, दोन्ही पांढरे पडले. तिसरा लेदर कोरलच्या मागे फटीत आहे. सुई तिथवर पोचते, पण कोणत्याही कोनातून पाहिलं तरी चुना लेदरच्या बुडावर सांडणार. त्याला हात लावला नाही. काचेवर त्याच्या जागी लाल ठिपका काढून ठेवला आहे, मोठा होऊन बाहेर झुकला की तोंड आपोआप सुईच्या वाटेत येईल.

नायट्रेट ८, क्षारता ८.४, टँक २७.१. खोबणीत फुंकर मारली, गाळ जवळजवळ नाही. स्पंज धुतला.

पुढची मोजणी १८ मे, दोन्हीकडची.